बोळातलं हसू

त्या मंगळवारी कचेरी दुपारी साडेबारालाच सुटली, घडलं ते एवढंच. जिल्ह्यात पूर्वी असलेले कोणी मोठे अधिकारी मद्रासला वारले होते. तार आली, साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, मग सगळ्यांनी मिटले, आणि डोळे उघडल्यावर जो तो छत्री शोधू लागला. वादिराजरावांना त्या मेलेल्या माणसाचं नावही नीट आठवेना. शनिवारचा अर्धा दिवस सोडला तर गेल्या सात वर्षांत ते कधी पाचच्या आत घरी गेले नव्हते. कचेरी, तिथून कोपऱ्यावर भाजी, मग घर, आणि दारात एकदा खाकरणं, म्हणजे आत कळावं. पंगुणीचं, फाल्गुन-चैत्रातलं ऊन मेलवीधीच्या रस्त्यावर सपाट पडलं होतं. राजवाड्याच्या भिंतीची सावली पार भिंतीच्या पायाशी गोळा झाली होती. एवढ्या उन्हात आपण रस्त्यावर आहोत यातच त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दुपारी बायकोच्या सोबतीला वेंकूबाई घरात असायच्या म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. ते आत शिरले. बाहेरच्या ओट्यापासून, तिण्णैपासून, मधल्या खोलीपर्यंत जाणारा बोळ अंधारा आणि गार होता. एक चप्पल काढून दुसरीसाठी त्यांनी भिंतीला हात टेकला आणि त्यांना हसू ऐकू आलं.

आधी वाटलं, शेजारच्यांचा रेडिओ असेल. मग वाटलं, कोणी पाहुणी आली असेल. आधी एक उचकी, मग श्वास पार संपल्यासारखी शांतता, आणि मग बारीक शीळ वाजावी तसा वर चढत जाणारा आवाज. मध्येच 'पुरे, पुरे हो, पोटात दुखतं' असं कोणी म्हणत होतं. आपण हे हसू चटकन ओळखलं नाही, हे त्यांना पुढे फार लागलं. ती नागलक्ष्मी होती. त्यांची बायको. नऊ वर्षं कमरेखाली निर्जीव होऊन मधल्या खोलीत खाटेवर पडलेली, आणि ती हसत होती, एखाद्या नव्या नवरीसारखी, अंगात जेवढं जिवंत होतं तेवढं सगळं लावून. त्यांना एकदम तिरुवैयारुचा घाट दिसला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, सासुरवाडीला गेले होते, आणि कावेरीत बुडी मारून वर येताना त्यांचं जानवं कानाला अडकून त्याचा कसलातरी गुंता झाला होता. पायरीवर कपडे धूत बसलेली नागलक्ष्मी ओल्या पदरात तोंड खुपसून अशीच हसली होती. तेव्हा त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, हे आता काही केल्या आठवेना.

सवयीने ते खाकरले. हसू थांबलं. विरलं नाही, कापल्यासारखं थांबलं. बांगडी खाटेच्या दांडीवर वाजली, कापड ओढल्याचा आवाज झाला, वेंकूबाईंनी ताट उचललं. ते आत गेले तेव्हा नागलक्ष्मी तुळईकडे बघत पडली होती, ओठांची टोकं खाली ओढलेली, डोळ्यांत पाणी. रोज पाच वाजता दिसायचा तोच चेहरा. नऊ वर्षं ते ह्या पाण्याला वेदनेचं पाणी समजत आले होते.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली.

"कोणी साहेब वारले."

"अरेरे," असं म्हणून वेंकूबाई ताट घेऊन मागच्या दारी गेल्या. त्यांच्या जाड लुगड्यातली पाठ अजून किंचित हलत होती.

वेंकूबाई साठीच्या होत्या. त्यांच्याच मराठी समाजातल्या, दोन घरं पलीकडे पुतण्याकडे राहणाऱ्या, बाराव्या वर्षी विधवा झालेल्या. डोक्यावरून पदर, त्याखाली दर महिन्याला न्हाव्यापुढे वाकणारं डोकं. हसण्याचं काही कारण ज्या बाईपाशी नसावं अशी बाई शोधायची तर सगळ्या तंजावरात हीच सापडली असती, आणि म्हणूनच त्यांनी तिला दुपारच्या सोबतीला ठेवलं होतं. दोन दुःखं एकमेकांना सांभाळतील, असा त्यांचा हिशेब होता.

एक्कावन्न साली नागलक्ष्मी विहिरीच्या ओल्या फरशीवरून घसरली आणि पाठीवर आपटली. पहिली दोन वर्षं ती ओरडायची. ते तिच्याजवळ बसून असायचे, रजा संपली, बिनपगारी रजाही संपली, तरी बसायचे. त्या बसण्यातच त्यांच्यात काहीतरी तयार झालं. एका एकादशीला भजनमंदिरात प्रवचनकार कुंभकोणहून आलेच नाहीत आणि लोकांनी 'राव, तुम्ही चार शब्द बोला' म्हणून त्यांनाच पुढे बसवलं. ते बोलले. काय बोलतो आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुखात माणूस देवाकडे पाठ करून बसतो, ते म्हणाले, आणि मग देव येतो, मान धरतो आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवतो. ती जी मान दुखते, तेच दुःख. लोक रडले. फायलींवर नोंदी करण्यापलीकडे ज्याला आयुष्यात काही जमलं नव्हतं त्या माणसाच्या बोलण्याने बायका रडल्या, आणि एका म्हाताऱ्या वकिलाने त्यांचे पाय धरले. मग दर एकादशीला तेच बोलू लागले, आधी मराठीत, मग तमिळ लोकही येऊ लागले म्हणून तमिळमध्ये. 'माझ्या घरी एक जीव आहे,' असं ते म्हणत आणि क्षणभर थांबत. द्वादशीला लोक घरी येत. खाटेपाशी फुलं ठेवत. नागलक्ष्मी डोळे मिटून पडलेली असे आणि लोक उंबऱ्यावरूनच हात जोडत. त्यांना वाटायचं, आपल्याला मिळालेलं सगळं या खाटेतून मिळालं. ही खाट नसती तर आपण कोण होतो?

बुधवारी डोकं दुखतं सांगून ते एकला घरी आले. या वेळी चपला बाहेरच काढल्या, हातात घेतल्या आणि बोळात भिंतीला चिकटून उभे राहिले. खाकरले नाहीत. आत वेंकूबाई कोणाची तरी नक्कल करत होत्या, बहुधा समोरच्या घरातल्या सुनेची, आणि नागलक्ष्मी मध्येच त्यांना दुरुस्त करत होती, 'तसं नाही, ती नाकातून बोलते,' आणि स्वतःच नाकातून बोलून दाखवत होती. मग ती गायली. बेसूर, मोठ्याने, कुठलंतरी तमिळ पाळण्यातलं. ती गाते हे त्यांना माहीतच नव्हतं. गुरुवारी ते पुन्हा आले. शुक्रवारीही आले. स्वतःच्या घरात चोरासारखे उभे राहून ऐकताना त्यांच्या तळहाताला घाम सुटे, चपलांचं कातडं ओलं होई. त्या हसण्यात वाईट असं काहीच नव्हतं, आणि ते ऐकताना त्यांना कोणीतरी आपली थट्टा करतं आहे असं वाटे. मग लक्षात येई की आपलं नावही तिथे निघत नाही, आणि ते अधिकच लागे. राग येई. तो कोणावर, ते कळत नसे. ही जर हसते, तर आपण नऊ वर्षं जे उचलून धरलं आहे ते काय? वाटे, सरळ आत जावं. पण आत गेलं की ते थांबणार, हे पक्कं होतं. बाहेर उभं राहून ऐकायचं, की आत जाऊन ते हसू मारायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. ते बोळातल्या बोळातच उभे राहत, आणि मग चपला घालून, रस्त्याने एक मोठी चक्कर मारून, पाच वाजता पुन्हा येत आणि खाकरत.

शनिवारी अर्धा दिवस. त्या दुपारी ते तिच्या डोक्याला तेल लावून केस विंचरत. हे काम त्यांनी कधी वेंकूबाईंना करू दिलं नव्हतं. त्यांनी वेंकूबाईंना लवकर घरी पाठवलं. उशाशी पाट घेऊन बसले. तिचे केस अजून दाट होते, कानामागे पांढरे. त्यांनी भांगातून फणी घातली, आणि तिचा चेहरा दिसत नाही हे बघूनच विचारलं.

"मंगळवारी तू हसत होतीस."

"होय," ती म्हणाली.

"काय म्हणून?"

"असंच. वेंकूबाई काही सांगत होत्या."

"काय?"

"तुम्हांस हसू नाही येणार त्याचं."

"सांग तर."

तिने सांगितलं. वेंकूबाईंच्या लग्नात चौथ्या दिवशी नवरानवरीने एकमेकांच्या डोक्यावर अप्पळम, म्हणजे पापड, फोडायचा खेळ होता. नवरा चौदा वर्षांचा. त्याने हिच्या डोक्यावर अप्पळम फोडला आणि सगळे हसत असताना हिच्या केसांत अडकलेले तुकडे वेचून खायला लागला. भूक लागली असेल पोराला, सकाळपासून उपाशी ठेवलेलं. भटजी ओरडले. तेव्हा तो तोंडात तुकडा ठेवून भटजींनाच म्हणाला, मीठ कमी आहे. आठ महिन्यांनी तो पटकीने गेला. नवऱ्याचं म्हणून वेंकूबाईंना तेवढं एकच बोलणं ठाऊक आहे. मंगळवारी त्या भात भरवत होत्या आणि नागलक्ष्मी सहज म्हणाली, अंबटभाजीत मीठ कमी आहे हो. वेंकूबाई हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'अय्यो, आलात होय तुम्ही! इतके दिवस कुठं होतात?' आणि मग दोघींना आवरेना.

तिचं सांगून झालं. फणी केसांत तशीच राहिली. ते हसण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पटकीने मेलेलं चौदा वर्षांचं पोर येत होतं.

"म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली.

"मजपासून का लपवलंस?"

"एकदा हसले होते कीं तुमच्यापुढं. तिसऱ्या वर्षी. तुम्ही पंचांग वाचीत बसला होता आणि वरून पाल पडली पानावर. तुम्ही पंचांगासकट उडालात. मी हसले. तुम्ही म्हणालात, हसतेस? ह्या दशेत हसतेस? आणि खाटेवर डोकं ठेवून रडलात. आठवतं?"

त्यांना पाल आठवली. रडलेलं आठवलं. आणि पुढचं तिने सांगण्याआधीच आठवलं.

"पुढच्या एकादशीस तुम्ही तिथं सांगितलं," ती शांतपणे बोलत होती, जणू तुळईवर लिहिलेलं वाचत होती, "कीं दुःख इतकं जाहलं इतकं जाहलं कीं माझ्या घरचा जीव आता हसायला लागला. द्वादशीस बायका येऊन माझ्या तोंडाकडे बघून रडल्या. मग मी म्हटलं, ह्यांस माझं दुःख लागतं. लागतं तर देऊ. तुम्ही मला धुता, पुसता, भरवता. नऊ वर्षांत एकदा तोंड वाकडं केलं नाहीत. माझ्यानं स्वयंपाक होत नाही, मूलबाळ नाही, उठून पाणी देता येत नाही. मीही काही द्यावं कीं नाही? जे चालत होतं तेच दिलं."

"म्हणजे तुला दुःख नाही?"

"नसायला काय जाहलं? पाय नाहीत कीं मज. रात्री कड बदलता येत नाही. आहेच. पण तेवढंच नाही."

"मी म्हणतो ते खोटं? दुःखानं देव दिसतो ते?"

तिला त्यांना दुखवायचं नव्हतं, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं, आणि तेच असह्य होतं. "तुम्हांस दिसला असेल. तुम्ही पाटावर बसला होता," ती म्हणाली. "मज दुखत होतं तेव्हा कोणी दिसलं नाही. तुम्हीही नाही. नुसतं दुखत होतं."

"आणि हसताना दिसतो?"

"नाही. पण तेव्हा तो दिसतो का, हे बघायची आठवण राहात नाही."

ते उठले. खाटेला वळसा घालून तिच्या समोर येऊन उभे राहिले. हातात अजून फणी होती. "आता हस," ते म्हणाले.

"असं कसं हसू?"

"मजपुढं. एकदा. मी काही म्हणणार नाही. कोणास सांगणार नाही."

तिने खरंच प्रयत्न केला. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. ओठ रुंदावले, थरथरले, आणि मग दोन्ही टोकं हळूहळू खाली उतरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाच वाजताचा तो चेहरा तयार झाला. "मी मुद्दाम नाही करत," ती घाबरून म्हणाली. "तुम्ही दिसलात कीं तोंड आपोआप तसं होतं. सवय जाहली." ते म्हणाले, राहू दे. पुन्हा उशाशी जाऊन बसले आणि उरलेली वेणी घातली. वेणी घालताना त्यांना वाटलं, या बाईने आपल्याला जे दिलं ते कोणत्या देवाला कोणत्या भक्ताने दिलं असेल? आणि लगेच, आपण यावरही एकादशीला बोलू शकू, हा विचार इतक्या सहज, इतक्या सराईतपणे आला की त्यांनी दात ओठावर रोवले.

पुढच्या मंगळवारी एकादशी होती. त्यांनी ठरवलं होतं की आज आनंदावर बोलायचं. कचेरीत दोन दिवस फायलींवर त्यांनी मनात वाक्यं जुळवली. दिवसभराच्या निर्जळी उपासाने जीभ जड झाली होती. संध्याकाळी ते भजनमंदिरात चौरंगापाशी बसले आणि समोर बघितलं. शंभर-सव्वाशे माणसं. बायकांनी पदराची टोकं आधीच हातात घेतली होती. पुरुष मान थोडी खाली घालून, जखम धुवायला पुढे करावी तशी, बसले होते. हे सगळे सात वर्षं मीच असे बसवले, त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, आज मी एक लग्नातली गंमत सांगणार आहे. कोणी हललं नाही. त्यांनी नाव न घेता ते चौदा वर्षांचं पोर सांगितलं, केसांतले तुकडे सांगितले, भटजींचं ओरडणं सांगितलं, आणि नीट थांबून, आवाज बदलून, 'मीठ कमी आहे' म्हणाले. ते वाट बघत राहिले. मागच्या रांगेतून कोणीतरी बिचाऱ्या पोरासाठी उसासा सोडला, "अय्यो, पावम." मग एका बाईने विचारलं, पुढे त्याचं काय झालं? वादिराजराव खोटं बोलू शकले नाहीत. ते म्हणाले, आठ महिन्यांनी गेला. आणि सगळं भजनमंदिर रडायला लागलं. नेहमीपेक्षा जास्त रडलं. त्यांना दिसत होतं, आपल्या तोंडात काही घातलं तरी बाहेर तेच येतं. दोन बायकांनी भर दुपारी हातातल्या घासासकट हसून घेतलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत मारून टाकली होती.

आरती झाली, लोक पाया पडून गेले. एक बाई थांबली होती. कामाक्षी, पापनाशमच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी, तिशीतली. गेल्या ऐप्पशीत, दिवाळीच्या महिन्यात, तिची सहा वर्षांची थोरली मुलगी शाळेमागच्या कालव्यात बुडाली. तेव्हापासून ती दर एकादशीला बसने येत असे आणि खांबाशी बसत असे. आज तिच्याबरोबर धाकटी मुलगी होती, चारेक वर्षांची. ती सगळा वेळ मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, एवढीशीही चुळबूळ न करता बसली होती, आणि बायका कौतुकाने म्हणत होत्या, किती शहाणी.

"स्वामी, एक विचारू?" कामाक्षी म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तुमचं, तेव्हा घरी जाऊन हिला सांगितलं, अक्का गेली, आता हसायचं नाही. घरात हसू नको म्हणून सांगितलं. ऐकलं हिनं. आता बाहेरही हसत नाही. खेळतानाही नाही. परवा शेजारच्यांनी गुदगुल्या केल्या तर नुसती बघत राहिली. मी बरोबर केलं की नाही, तेवढं सांगा."

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या ओठांची खाली ओढलेली टोकं त्यांनी बघितली. "हसू द्या तिला," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना इतका बारीक निघाला. "आज घरी जाऊन सांगा, हस म्हणून."

"पण तुम्हीच म्हणालात, सुखात माणूस देवाला पाठमोरा..."

"चुकलं माझं."

"चुकलं?"

"मी बोललो ते खरं नाही. दुःखात काही नसतं. ते नुसतं दुखतं."

तिला हायसं वाटेल, अशी त्यांची समजूत होती. कामाक्षीचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला. ती दोन पावलं पुढे आली. आवाज चढवला नाही. "पाच महिने मी तुमच्या त्या एका वाक्यावर उठते सकाळी," ती म्हणाली. "पोरीला कालव्यातून काढलं तेव्हा तिच्या मुठीत शेवाळ होतं. ते नुसतं शेवाळ होतं, असं सांगता मला? त्यात काही नव्हतं? मग मी उद्या उठू कशाला? तुमचं घरचं काय असेल ते असेल, स्वामी. माझं घेऊ नका."

तिला काय द्यायचं? दुःख द्यावं तर ते चार वर्षांचं तोंड समोर होतं. आनंद द्यावा तर तो त्यांच्यापाशी नव्हता. जिच्यापाशी होता ती त्यांच्यापुढे हसू शकत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. पोरीचं पोरीला द्या." हे बोलताना हे ज्ञान आहे की पळवाट, हे त्यांना कळलं नाही. कामाक्षीनेही ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिने मुलीला कडेवर घेतलं, आणि नमस्कार न करता निघाली. दारापाशी जाऊन वळली. "पुढच्या एकादशीला असाल ना?" तिने विचारलं. त्या प्रश्नात धमकी होती की भीक, ते कळेना, पण तो ऐकताना त्यांना वाटलं, भजनमंदिराला दार एकच आहे, आणि त्यात ही उभी आहे.

"असेन," ते म्हणाले.

रविवारी ते घरी असत. रविवारी वेंकूबाई लवकर जात, कारण मालक घरात. त्या रविवारी जेवण झाल्यावर नागलक्ष्मी तुळईकडे बघत पडली होती आणि ते पाटावर बसले होते, आणि दुपार हलत नव्हती. वेंकूबाई भांडी उपडी घालून पदर सावरत निघाल्या तेव्हा ते उठले. खुंटीवरचा सदरा अंगात घातला, छत्री घेतली.

"तुम्ही बसा," ते वेंकूबाईंना म्हणाले. "मला काम आहे बाहेर. चारपर्यंत येतो."

"रविवारी?" नागलक्ष्मीने विचारलं. "काय काम?"

"आहे. आता दर रविवारी असेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना कसलंही काम नाही हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलं हे त्यांना कळलं होतं. तिच्या तोंडावर नेहमीचा चेहरा यायला लागला, अर्ध्यात थबकला, आणि ओठांना कुठे जावं ते न सुचून ते तसेच सरळ राहिले. नऊ वर्षांत हा चेहरा त्यांनी बघितला नव्हता. दुःखाचाही नव्हता, सुखाचाही नव्हता. दोन्हींच्या आधीचा, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा असावा तसा. "चारच्या आधी नका येऊ," ती हळूच म्हणाली. "ऊन असतं."

ते बोळातून बाहेर आले, मागे दार लोटून घेतलं, आणि ऐकायला थांबले नाहीत. थांबायची इच्छा इतकी जबर होती की ते जवळजवळ पळत कोपऱ्यापर्यंत गेले. मग रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले. कुठे जायचं? मित्र असा त्यांना नव्हता. जे होते ते पाया पडणारे होते, आणि कुणाच्याही घरी गेलं तरी त्यांना पाटावर बसवून, आपापली दुखणी समोर मांडून, लोक वाट बघत बसले असते. देवळं या वेळी बंद. कचेरी बंद. सगळं गाव दारं लावून झोपलं होतं आणि तंजावरातला हा एकच माणूस, घर असून, दुपारचे दोन तास कुठे ठेवावेत ते न कळून उन्हात उभा होता. बसस्टँडवर कुंभकोणची बस उभी होती, तिचं यंत्र धडधडत होतं. ते चढले. खिडकीपाशी बसले. शेजारी एक बाई मांडीवर केळीच्या पानांचा भारा घेऊन डुलक्या काढत होती. बस निघाली, गाव मागे पडलं, भाताची कापून गेलेली शेतं लागली, भेगाळलेली, पिवळी, दूरवर. कालव्याच्या तळाशी पाण्याची एक रेघ होती. कंडक्टर पुढून एकेकाचं तिकीट फाडत आला आणि त्यांच्यापाशी थांबला.

"कुठं, सर?"

वादिराजराव त्याच्याकडे बघत राहिले. पापनाशम म्हणावं तर तिथे कामाक्षी होती. कुंभकोण लांब होतं.

"कुठं?" कंडक्टरने पुन्हा विचारलं. दोन माणसांनी वळून पाहिलं.

"जिथून चारला परत येता येईल," ते म्हणाले, "चारच्या आधी नाही, अशा कुठल्याही गावाचं द्या."

कंडक्टरने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पेन्सिल कानामागे खोचली, आणि अय्यमपेट्टैचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. "तिथं पाहण्यासारखं काही नाही हो," तो म्हणाला.

"चालेल," ते म्हणाले आणि छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरून सरळ बसले.